खांब क्रमांक

तेवीस वर्षं मी वाशीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये
कानाला हेडफोन लावून बसले.
फोन मेलाय, घरघर येते,
भलत्यांच्याच घरचं बोलणं ऐकू येतं बाई,
सगळं लिहून घ्यायचं, नंबर द्यायचा
आणि म्हणायचं, होईल.
इतका गुळगुळीत झाला तो शब्द तोंडात
की मुलाच्या तापालाही मी तेच म्हणाले.

आता कोपरखैरण्यात, नाल्याकाठच्या रस्त्यावर
अकरा दिवे बंद
आणि तक्रार करणारी मी.
पालिकेचं ॲप विचारतं, खांब क्रमांक?
खांबावर दहावीच्या क्लासची जाहिरात,
तिच्याखाली पेस्ट कंट्रोलची,
तिच्याखाली गंज.
म्हणून नकाशावर बोट टेकवलं
तर टाचणी जाऊन पडली खाडीत.
तिसऱ्या दिवशी उत्तर:
स्थळ आढळले नाही. तक्रार निकाली.

निकाली.
आम्हीही करायचो असं, शनिवारी, आकडा जुळवायला.
मला धड रागावताही येईना.

मागच्या गल्लीतली स्वरांगी मढवी
डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. म्हणाली,
काकू, नंबर नाहीत ना, मग आपण घालू.
विभाग कार्यालयात अर्ज नेला.
कनिष्ठ अभियंता वैराळे. अर्ज दोनदा वाचून
त्यांनी एकच विचारलं,
रंग तुमचा की आमचा?

रंग आमचा.
चार रात्री, जेवणं उरकल्यावर.
बळीराम घरत रिक्षाचा दिवा खांबावर धरून,
स्वरांगी मोबाइलमध्ये प्रत्येकाची जागा टिपत,
मी डबा आणि ब्रश.
साडेअकराला शकिला नाखवा यायची,
एमआयडीसीतल्या औषधांच्या पॅकिंगवरून सुटून.
तिला हा रस्ता पायांनी पाठ.
इथे झाकण हलतं. इथे कुत्री बसतात.
आणि तो तिकडे, करंजाच्या आत, तोही खांबच आहे,
तुम्हाला दिसत नाही, मी हात लावून येते रोज.
खांब मोजत चाललं की
दुसरं काही मोजलं जात नाही.

आमचे भरले दोनशे तीन.
वैराळ्यांच्या नोंदवहीत एकशे शहाऐंशी.
त्यांनी पेन्सिल घेऊन पुन्हा मोजले,
मग चष्मा काढून.
हे सतरा आमच्याकडे जन्मलेच नाहीत, ते म्हणाले,
सिडकोकडून आमच्याकडे येताना
कुठल्या तरी पानातून गळले असतील.
बंद असलेले अकराच्या अकरा
त्या सतरांतले.

मग त्यांनी स्वतः, एका बोटाने,
खाडीतली टाचणी ओढून रस्त्यावर आणायला घेतली.
अर्ध्यावर स्क्रीन गोठली.
चहा आला, साय धरून निवला.
सर्व्हर आला की होईल, ते म्हणाले,
आणि मला हसू फुटलं.
त्यांना वाटलं मी टिंगल करतेय.
मग सांगावं लागलं एक्स्चेंजचं,
शनिवारच्या आकड्यांचंही.
ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत.
नंतर म्हणाले, आमचा शुक्रवार असतो.

नऊ लागले.
दोघांची केबल जमिनीखाली कुजली आहे,
रस्ता खोदायची परवानगी दुसऱ्या खात्याकडे.
ॲपवर आता येतं, प्रलंबित.
बरा वाटतो मला हा शब्द.
निदान खोटं तरी बोलत नाही.

शकिला अजून हात लावते खांबांना,
उजेडातल्यासुद्धा.

काल सकाळी शिडीची गाडी आली
आणि थांबली एकशे एक्क्याण्णवपाशी.
तो दिवा चांगला आहे.
माणूस वर चढला, बल्ब काढून पाहिला, खाली पाहिलं,
पुन्हा वर.
मी खिडकीतून ओरडले, अहो, सत्त्याण्णव, सत्त्याण्णव!
तो म्हणाला, इथे तेच तर लिहिलंय.

पहिल्या रात्री हात कापत होता माझा.
माझ्या हातचा एक जरा सातासारखाच आलाय.
डबा कुठे ठेवला ते शोधतेय.